फोडणीसमोरची भिंत

घाटकोपर पूर्वेच्या पंतनगरात आजही दोन तऱ्हेची स्वयंपाकघरे शेजारी-शेजारी नांदतात. एक म्हाडाच्या जुन्या इमारतींतले: कडप्प्याचा ओटा, त्यामागे सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाईल्सच्या दोन-तीन ओळी, त्यावर ऑइलपेंट आणि ऑइलपेंटवर वर्षानुवर्षांच्या फोडण्यांनी चढवलेला तांबूस थर. दुसरे पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या टॉवरमधले: ग्रॅनाइटचा ओटा आणि बिल्डरने बसवून दिलेला दोन फुटी डॅडो. त्याचा रंग कुणाला विचारून ठरवलेला नसतो. पहिल्या घरातली भिंत कित्येक दशकांनी फोडली जाते, दुसऱ्यातली पुष्कळदा चावी हातात पडल्याच्या महिन्याभरात.

दोन्ही भिंतींशी रोजचा संबंध असलेल्या एक गृहसजावटकार बाई याच भागात राहतात आणि इथेच काम करतात. ग्राहक, मिस्त्री, दुकानदार सगळेच त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच. अख्ख्या घराची कामे त्या घेतातच, पण नाव झाले ते स्वयंपाकघरांमुळे, आणि त्यातही ओट्यामागच्या भिंतीमुळे. चाळीस-पन्नास चौरस फुटांचे हे काम. एकूण खर्चात त्याचा वाटा लहानसा असतो. मात्र घरात सर्वांत जास्त वाद याच भिंतीवरून होतात, असे त्या सांगतात, आणि चूक झाली तर दिवसातून तीनदा नजरेसमोर येते तीही हीच.

ग्राहक येतात ते फोनमध्ये फोटो घेऊन. निळी-पांढरी नक्षी, मधाच्या पोळ्यासारखे षटकोन, नाहीतर लांबट पांढऱ्या ‘सबवे’ टाईल्स. ताई फोटो शांतपणे बघतात आणि विचारतात, “वहिनी, तुमच्याकडे तळण किती होतं?” फोटोतल्या ओट्यावर लिंबांनी भरलेले एक भांडे असते, तुळशीसारखे काहीतरी रोप असते, पण कढई कधीच नसते. तडतडणारी मोहरी, कुकरच्या शिट्टीबरोबर उडालेले वरणाचे पाणी, सुरमई तव्यावर टाकताना मागच्या भिंतीवर जाणारे शिंतोडे यांपैकी कशाचाही हिशेब त्या फोटोत धरलेला नसतो. घाटकोपरात एकाच मजल्यावर समोरासमोर दोन दारे असतात. एका घरात खाखरे शेकले जातात, दुसऱ्यात बोंबील तळले जातात. दोघांना एकच टाईल आवडू शकते. दोघांना एकच टाईल चालेल असे मात्र नाही.

म्हणूनच ताईंचे काम दुकानात सुरू होत नाही. ते जुन्या भिंतीपासून सुरू होते.

पंतनगरातल्याच एका तिसऱ्या मजल्यावरच्या घराचे उदाहरण घेऊ. सासूबाई, मुलगा, सून असे घर, मूळ कोकणातले. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी ठरलेली. काम ठरल्यावर सूनबाईंनी मोठ्या उत्साहाने भिंत घासून लख्ख करायला घेतली, तेव्हा ताईंनी त्यांना थांबवले. डाग त्यांना हवे होते. उजव्या बर्नरमागे दाट पिवळा पट्टा होता, तो ओट्यापासून वीतभर उंचीवर सुरू होऊन शेगडीच्या कडेबाहेर हातभर पसरला होता. तळण कुठे होते ते त्यावरून कळले. डावीकडे फक्त वाफेने सुटलेला पेंट, म्हणजे कुकर तिथे. सिंकमागे पांढुरके क्षार आणि फुगलेले प्लास्टर. आणि या सगळ्याच्या मधोमध एक स्वच्छ, फिकट चौकोन. तिथे वर्षानुवर्षे कालनिर्णय टांगलेले होते. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस सगळे त्यावरच लिहिलेले. टाईल लागली की खिळा ठोकता येणार नाही, हे सासूबाईंच्या अजून लक्षात आले नव्हते. ताईंनी खडूने भिंतीवर रेघा मारल्या आणि कालनिर्णयासाठी फ्रिजच्या बाजूची, टाईल न लागणारी पट्टी तेव्हाच राखून ठेवली.

डाग वाचून झाले की मापे. या टप्प्यावर ग्राहक कंटाळतात, कारण त्यांना रंगांबद्दल बोलायचे असते. ताईंचा आग्रह उलटा असतो: आधी भिंत कागदावर काढायची, मग त्या भिंतीत बसेल अशी टाईल शोधायची. या घरातला ओटा आठ फूट लांब, म्हणजे २४३८ मिलिमीटर. सूनबाईंच्या मनात ६०० बाय ३०० ची टाईल आडवी लावायची होती. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर चार अख्ख्या टाईल्स आणि दोन-दोन मिलिमीटरच्या फटी मिळून २४०६ होतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात जेमतेम ३० मिलिमीटरची चिंधी उरते. तेवढी पट्टी कापताना टाईल तुटते, लावली तर वाकडी दिसते. भिंतीही काटकोनात नसतात, त्यामुळे ती पट्टी वर ३२ आणि खाली २५ भरण्याची शक्यता जास्त. तेच भिंतीच्या मध्यावर एक टाईल धरली, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक अख्खी लावली, तर दोन्ही टोकांना ३१५ मिलिमीटरचे, म्हणजे अर्ध्या टाईलपेक्षा किंचित मोठे तुकडे येतात. खर्च तेवढाच, टाईल्स तेवढ्याच. फरक फक्त सुरुवात कुठून केली याचा.

उंचीचे गणित याहून नाजूक. ओट्यापासून वरच्या कपाटांच्या तळापर्यंत बहुतेक घरांत दोन फुटांच्या आसपास जागा सोडतात, म्हणजे भांडे लावलेला मिक्सर खाली नीट उभा राहतो. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. खाली ग्रॅनाइटलगत सिलिकॉनसाठी तीन मिलिमीटर, मग ३००, दोनची फट, पुन्हा ३००: बेरीज ६०५. वर पाच मिलिमीटरची उघडी फट राहते. डायनिंगच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ती नेमकी दिसते, आणि झुरळांना तर फारच आवडते. अशा वेळी मिस्त्री व्हाइट सिमेंट भरून मोकळे होतात. ताईंनी सुताराला फोन केला. कपाटे अजून बनायची होती, ती पाच मिलिमीटर खाली घेतली. टाईल कापण्यापेक्षा कपाट सरकवणे सोपे असते, पण ते कपाट भिंतीवर चढण्याआधीच. चिमणीखाली मात्र कपाट नसते. चिमणी शेगडीपासून किती उंच बसवायची ते तिच्या कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते, साधारणपणे दोन ते अडीच फूट, आणि तिच्यामागे टाईलची तिसरी ओळ चढवावीच लागते. नाहीतर चिमणीच्या दोन्ही बाजूंना रंगाच्या पट्ट्या उरतात आणि वर्षभरात त्या चिकट होतात.

मग विजेचे पॉइंट. मिक्सर, वॉटर प्युरिफायर, इंडक्शन, चिमणी, आणि एक जास्तीचा, कारण घरात काहीतरी नवे येणारच. झिऱ्या टाईलच्या आधी मारायच्या असतात हे सगळ्यांना माहीत असते. स्विचबोर्ड टाईलच्या कुठल्या भागात येणार, हा विचार क्वचितच होतो. बोर्ड दोन टाईल्सच्या फटीवर आला की दोन्ही टाईल्सना खाचा पाडाव्या लागतात, आणि चारांच्या जोडावर आला तर चौघींना. ताई कागदावर आधी टाईल्सच्या रेघा काढतात आणि बोर्ड त्या रेघांच्या मध्ये बसवतात, इलेक्ट्रिशियन कितीही म्हणाला “ताई, इथूनच वायर जवळ पडते” तरी. गॅसच्या पाइपचा प्रश्न वेगळा. महानगर गॅसची पाइप भिंतीत गाडायची नसते, ती उघडीच राहते. नवी चकचकीत भिंत आणि तिच्यावरून जाणारी पिवळी पाइप हे दृश्य सूनबाईंना काही केल्या पटत नव्हते. त्याला इलाज नाही, आणि ताईंनी तो शोधलाही नाही. त्यांनी पाइपचे क्लॅम्प फटीच्या रेघेत यावेत एवढी काळजी घेतली.

एवढे झाल्यावर लालबहादूर शास्त्री मार्गावरचे दुकान. दुकानदार शेठ कच्छी, माल मोरबीचा. मुंबईतल्या कुठल्याही टाईलच्या दुकानात पेटी उलटून पाहिली तर गुजरातमधल्या या एका गावाचे नाव निघण्याची शक्यता फार मोठी, कारण देशातल्या बहुतांश सिरॅमिक टाईल्स तिथेच बनतात. मच्छू नदीकाठचे हे गाव पूर्वी मंगलोरी कौले आणि भिंतीवरच्या घड्याळांसाठीही ओळखले जाई. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या कोळशावर चालणाऱ्या गॅसिफायरवर बंदी घातली आणि कारखाने पाइपच्या गॅसकडे वळले. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय बाजारात गॅस महागला की शेठ घाटकोपरात रेट वाढवतात, आणि निदान या बाबतीत तरी ते खोटे बोलत नसतात.

मुंबई परिसराचा स्वतःचाही इतिहास आहे, तो ताईंना ग्राहकांना ऐकवायला आवडतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इमारतींसाठी विलायतेतून मिंटनच्या टाईल्स बोटीने आल्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातली जमीन बघितली की ते काम कळते. पुढे स्वदेशीच्या वातावरणात १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा यांनी भारत टाईल्स सुरू केली, कारखाना उरणला. त्यांच्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या मुंबईतल्या कितीतरी जुन्या घरांत अजून पायाखाली आहेत. चकाकत्या सिरॅमिक टाईल्सची ओळख १९५८ पासून जॉन्सन कंपनीने करून दिली. ज्या ‘सबवे’ टाईल्स आज फोनमध्ये घेऊन लोक येतात, त्या १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांसाठी वापरल्या गेल्या. पुसायला सोप्या, दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या, हे त्यामागचे कारण. स्वयंपाकघराला याहून वेगळे काय हवे असते? सूनबाईंना हव्या असलेल्या निळ्या नक्षीबद्दलही ताईंचे उत्तर या इतिहासातूनच येते. खरी सिमेंटची लादी सच्छिद्र असते, जमिनीवर शोभते, पण शेगडीमागे तेल आणि हळद पिऊन बसते. तीच नक्षी ग्लेझखाली छापलेल्या सिरॅमिकवर मिळते. जाणकाराला फरक कळतो. भिंत पुसणाऱ्या हाताला मात्र तो लगेच कळतो, आणि ताई त्या हाताच्या बाजूने असतात.

दुकानात झगमगाट असतो. स्पॉटलाइटखाली प्रत्येक टाईल सुंदर दिसते. ताई पसंत पडलेल्या टाईल्सचा एकेक नग घरी आणायला लावतात आणि रात्रभर ओट्यावर ठेवतात. त्यावर तेलात कालवलेल्या हळदीचा एक ठिपका, दुसरा चिंचेच्या कोळाचा. सकाळी साध्या ओल्या फडक्याने पुसायचे. या घरी तीन टाईल्स आल्या होत्या. सूनबाईंची सर्वांत लाडकी, खरबरीत मॅट पोताची करडी टाईल सकाळीही पिवळीच होती. साबण लावून गेले बरेचसे, पण खळग्यांमध्ये राहिले. सासूबाईंनी काही न बोलता ती उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली. उरलेल्या दोनांतली फिकट पिस्ता रंगाची, अर्धवट चकाकीची टाईल ठरली. निळी नक्षी पूर्णपणे गेली नाही. सिंकवरच्या छोट्या भिंतीवर, जिथे तेल पोहोचत नाही, तिथे तिला जागा मिळाली.

फोडकाम हा या साऱ्यातला सर्वांत अप्रिय भाग. सोसायटीची परवानगी, अनामत रक्कम, दुपारी आवाज बंद, गोण्या लिफ्टमधून नाही तर जिन्यावरून. घाटकोपरमध्ये हे नियम काटेकोर झाले त्याला एक कारण आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेच्या दामोदर पार्कमधली सिद्धी-साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या दुरुस्तीत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. तेव्हापासून हातोड्याचा आवाज आला की शेजारी बेल वाजवतात, आणि त्यांनी वाजवावी असेच ताईंना वाटते. ओट्यामागच्या भिंतीत जुन्या इमारतींत बहुधा एखादा आरसीसी खांब असतोच. विटांच्या भिंतीत झिरी मारणे वेगळे आणि खांबात मारणे वेगळे. खांब कुठे आहे ते टाईल्स काढण्याआधी शोधून त्यावर लाल खडूने फुली मारायची, झिरी वळसा घालून न्यायची, मग दोन फूट जास्त वायर लागली तरी बेहत्तर. जुन्या टाईल्सवरच नव्या चिकटवता येतात का, हेही त्या आधी तपासतात. हातोडीच्या दांड्याने टाईलवर टकटक केले की घट्ट टाईल ठाम आवाज देते, सुटलेली बोदी वाजते. या घरात अर्ध्याअधिक बोद्या निघाल्या. काढण्यावाचून मार्ग नव्हता.

मिस्त्री राजस्थानातून येऊन कामराजनगरात स्थिरावलेले, मराठी चांगली बोलतात, आणि ताईंशी त्यांचा एक वाद कधीच संपत नाही. “या काढल्या ना ताई, या सिमेंटवरच होत्या. इतकी वर्षं राहिल्या. मग हे पोत्यातलं चिकटवायचं कशाला?” त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. भिंतीसाठी बनणारी सिरॅमिक टाईल मागून तहानलेली असते, ती स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते. बादलीत भिजवून सिमेंटच्या लेपावर दाबली की तो लेप तिच्या पाठीत मुरतो आणि पकडतो. व्हिट्रिफाइड टाईल मात्र अर्धा टक्काही पाणी घेत नाही. सिमेंटला तिच्यात शिरायला जागाच मिळत नाही, आणि ती एक दिवस अलगद सुटून येते. या घरची पिस्ता टाईल सिरॅमिक होती, म्हणजे मिस्त्रींची पद्धत चालली असती. तरी ताईंनी अॅडेसिव्हच वापरायला लावले, कारण खांबाचा गुळगुळीत काँक्रीटचा भाग आणि विटांचे प्लास्टर अशा दोन स्वभावांच्या भिंतींवरून ती ओळ जाणार होती. खांबावर टाचे मारून घेतले, दातेरी थापीने लेप ओढला. मिस्त्रींनी पहिली टाईल लावून लगेच उखडून दाखवली. पाठ पूर्ण माखलेली होती. “बघा, एकही कोपरा कोरडा नाही,” ते म्हणाले, आणि त्यात थोडा तक्रारीचा सूर होता तसा अभिमानही होता.

लेझरची आडवी लाल रेघ भिंतीवर असतानाही ते ओळंबा आणि गुण्या बाहेर काढतात. ताईंनी त्याला कधी हरकत घेतलेली नाही.

फटींचा रंग हा शेवटचा निर्णय, आणि लोक तो सर्वांत कमी विचाराने घेतात. पांढऱ्याशुभ्र फटी पहिल्या दिवशी छान दिसतात. हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा लाल रंग येतो, हे कुठल्याही आजीला ठाऊक असते. नवे सिमेंटही चुन्यासारखेच अल्कधर्मी असते, म्हणून ताज्या व्हाइट सिमेंटच्या फटीवर हळदीचे तेल उडाले की डाग पिवळा न राहता तांबूस होतो आणि आत मुरतो. हळदीचा रंग उन्हात उडतो खरा, पण शेगडीमागच्या भिंतीवर ऊन येणार कुठून? शेगडीच्या बाजूला ताई एपॉक्सीच भरायला लावतात, करड्या रंगाचे. ते कितीतरी पटीने महाग, आणि कामाला चिवट. थोडे-थोडे कालवून भरायचे, लगेच ओल्या स्पंजने पुसायचे. उशीर झाला तर टाईलवर बसलेला पापुद्रा खरवडून काढताना मिस्त्री जे बोलतात ते इथे छापण्यासारखे नसते. सिंकवरच्या नक्षीच्या भिंतीला साधे ग्राउट चालले. ग्रॅनाइट आणि टाईल यांच्या कोनात मात्र ना सिमेंट ना एपॉक्सी, फक्त सिलिकॉन. ओटा आणि भिंत उष्णतेने, वजनाने वेगवेगळ्या हलतात. कडक भराव तिथे तडकतो, आणि त्या तडीतून सिंकचे पाणी खालच्या कपाटात उतरते.

बिल करताना सूनबाईंनी विचारले, उरलेल्या टाईल्स शेठ परत घेतील का. शेठ घेतात, अख्खी पेटी असेल तर. ताईंनी हिशेबापेक्षा दहा टक्के जास्त माल मागवला होता, त्यातले काही नग कापण्यात गेले आणि चार उरले. ते परत करायचे नाहीत असे त्यांनी बजावले. मोरबीत आता नक्षी शाईने छापली जाते, डिझाइन काही महिन्यांत बदलते, आणि तेच डिझाइन मिळाले तरी भट्टीचा घाण वेगळा असला की रंगछटा हलकीशी बदलते. प्लंबरला कधीतरी सिंकमागची एखादी टाईल फोडावीच लागेल. चारही नग वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले. पेटीवरचा शेड नंबर, कंपनीचे नाव आणि फटीच्या रंगाचा क्रमांक ताईंनी सिंकखालच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवला. सासूबाईंनी वाकून तो वाचला आणि खाली कामाची तारीखही घालायला लावली.